निवासी शाळेच्या दाराशी

दरवर्षी आश्विनाच्या सुमारास महाराष्ट्रातून मला एका विशिष्ट प्रकारची पत्रे येऊ लागतात. अलीकडे पत्रांची जागा दूरध्वनीने घेतली आहे. मजकूर मात्र बदललेला नाही. ‘मुलगा पाचवीत आहे, हुशार आहे. काशीकडे चांगल्या निवासी शाळा आहेत असे ऐकतो. आपण तेथे इतकी वर्षे राहता. त्याच्या प्रवेशासाठी काही करता येईल काय?’ या शेवटच्या प्रश्नाला दोन अर्थ असतात. कोणाला भेटावे, कोणाची चिठ्ठी आणावी, हा त्यांपैकी एक. त्याचे उत्तर मी एका वाक्यात देतो. तशी चिठ्ठी माझ्यापाशी नाही, आणि असती तरी ती मी दिली नसती. दुसरा अर्थ अधिक प्रामाणिक असतो. मुलाच्या अंगी जे आहे ते परीक्षकांना दिसावे, यासाठी आईबापांनी घरी काय करावे, हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे असते. त्याचे उत्तर दूरध्वनीवरून सांगण्याइतके लहान नाही. आज ते जरा सविस्तर सांगण्याचा माझा विचार आहे.

मराठी मुलाने शिकण्यासाठी काशीला यावे यात नवे काहीच नाही. पैठणचे भट्ट घराणे सोळाव्या शतकात येथे येऊन स्थायिक झाले, आणि त्याच घराण्यातील गागाभट्ट १६७४ मध्ये शिवरायांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर गेले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या बाजूच्या गल्ल्यांतून आजही मराठी बोलणे कानांवर पडते. १८९८ मध्ये ॲनी बेझंटबाईंनी येथे सेंट्रल हिंदू कॉलेज काढले, आणि त्याची कीर्ती ऐकून दूरदूरचे विद्यार्थी येऊ लागले. अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन त्यांच्यापैकीच. वडील थिऑसॉफीचे अनुयायी, म्हणून मुलाची रवानगी नगरहून थेट काशीला झाली. १९४२ च्या लढ्यातील भूमिगत नेते म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु राजकारण सोडल्यानंतर ते पुन्हा काशीकडेच वळले, आणि १९९२ मध्ये त्यांचा देहही येथेच पडला.

तेव्हा ओढ जुनी आहे. नवी आहे ती गर्दी. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ अशी स्थिती झाली, की निवड आली. आणि निवड आली, की तिच्या तयारीचा धंदा आला. या धंद्याने पालकांच्या मनात एक समजूत पक्की रुजवली आहे. ती अशी की सर्व चांगल्या शाळांची परीक्षा एकाच जातीची असते, आणि एकाच प्रकारच्या घोकंपट्टीने ती जिंकता येते. ही समजूत चुकीची आहे. एकट्या काशीत चार दारे आहेत आणि प्रत्येक दाराशी मुलाला निराळी गोष्ट विचारली जाते. कोणते दार ठोठवायचे हे न ठरवताच बहुतेक आईबाप तयारीला लागतात, आणि तेथेच अर्धी संधी घालवतात.

सर्वांत मोठी गर्दी असते ती जवाहर नवोदय विद्यालयाच्या दाराशी. हुशार ग्रामीण मुलांना फुकट निवासी शिक्षण मिळावे, या हेतूने ही विद्यालये निघाली. १९८५-८६ मध्ये पहिली दोन सुरू झाली, त्यांतील एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरे आपल्या अमरावती जिल्ह्यात. आज देशातील बहुतेक जिल्ह्यांत एकेक आहे. वाराणसी जिल्ह्यातही आहे. परंतु महाराष्ट्रातील पालकांनी येथे एक नियम नीट समजून घेतला पाहिजे. ज्या जिल्ह्यात मूल राहते आणि पाचवी शिकते, त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी त्याला परीक्षा देता येते. म्हणजे साताऱ्याच्या मुलाला काशीच्या नवोदयचा दरवाजा सहावीला उघडतच नाही. त्याचा दरवाजा सातारा जिल्ह्यातच आहे. हे सांगितले की पलीकडचे गृहस्थ क्षणभर गप्प होतात आणि मग म्हणतात, ‘अरे, मग हे तर घराजवळच आहे!’

या नियमाच्या अज्ञानापायी घडलेली एक गोष्ट माझ्या पाहण्यातली आहे. एका खेड्यातल्या बापाने मुलाची तयारी उत्तम व्हावी म्हणून पाचवीला त्याला शेजारच्या जिल्ह्यातल्या शहरात, एका नावाजलेल्या शिकवणीशेजारच्या शाळेत घातले. पोटाला चिमटा घेऊन फी भरली. अर्ज भरायची वेळ आली तेव्हा कळले की स्वतःच्या जिल्ह्यातून अर्ज करण्याचा हक्क या स्थलांतरामुळेच गेला. शिवाय प्रत्येक विद्यालयात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी राखलेल्या असतात, आणि त्यांवर हक्क सांगायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. म्हणजे खेड्यातली जी साधी शाळा बापाला कमी वाटली होती, तीच मुलाची सर्वांत मोठी शिफारस होती. या परीक्षेला दुसऱ्यांदा बसताही येत नाही. त्या बापाला मी काय सांगणार होतो?

म्हणून माझा पहिला सल्ला नीरस आहे. तिसरीच्या वर्षीच त्या शाळेचे माहितीपत्रक मिळवा आणि ते स्वतः, ओळ न ओळ वाचा. मुलाच्या अभ्यासाला लागण्यापूर्वी आपण हा एवढा अभ्यास करावा.

आता परीक्षेकडे वळू. ८० प्रश्न, १०० गुण आणि २ तास. त्यांतील ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे, २० अंकगणिताचे आणि २० भाषेचे. सरासरी काढली तर एका प्रश्नाला दीड मिनिट मिळते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि अडलेल्या प्रश्नापाशी थांबायचे नाही, पुढे जाऊन परत यायचे. हे मोठ्यांना सहज पटते. दहा वर्षांच्या मुलाला ते पटत नाही, कारण आपणच त्याला ‘हातचे काम अर्धवट टाकू नये’ असे शिकवलेले असते. ही सवय घड्याळ लावून, आठवड्यातून एकदा, महिनोन्महिने केल्याशिवाय लागत नाही. उत्तरपत्रिकेवरील गोल शाईने भरण्याचाही सराव लागतो. एक गोल चुकून पुढे सरकला की त्यापुढची सर्व बरोबर उत्तरे चुकीच्या घरात जाऊन बसतात.

आकृत्या आणि अंकगणित यांसाठी बाजारात पुस्तकांचा तोटा नाही, त्यांबद्दल मी बोलत नाही. भाषेचा भाग मात्र सर्वांत दुर्लक्षित राहतो, आणि मला विचाराल तर मुले तेथेच मागे पडतात. हा भाग म्हणजे न वाचलेले उतारे आणि त्यांखालचे प्रश्न. व्याकरणाची यादी पाठ करून येथे काही साधत नाही. मूल बहुधा उतारा वाचत नाही. ते उताऱ्यात काय असेल याचा अंदाज करते. समजा, उताऱ्यात लिहिले आहे की मुलगी छत्री घरी विसरली, पण ती निघेपर्यंत पाऊस थांबला होता. प्रश्न येतो, शाळेत पोचली तेव्हा तिचे कपडे कसे होते? दहांतली चार मुले लिहितात, ओले. त्यांना पाऊस ठाऊक आहे, छत्री ठाऊक आहे, विसरणे तर फारच ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढेच की लेखक आपल्याला नेहमीपेक्षा वेगळे काही सांगत असू शकतो. याला औषध एकच. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे मुलाने मोठ्याने वाचावे आणि आईने किंवा आजोबांनी मध्येच थांबवून विचारावे, ‘हे कशावरून म्हणतोस? ती ओळ दाखव.’ वाचायला वर्तमानपत्राचा तुकडा चालेल, श्यामची आई चालेल, औषधाच्या बाटलीवरचा कागदही चालेल. ही परीक्षा मराठीतून देता येते, हा आपल्या मुलांना केवढा मोठा लाभ आहे! असे असूनही काही पालक प्रतिष्ठेपायी पाचवीतल्या मुलाला इंग्रजी प्रश्नपत्रिका घ्यायला लावतात. मला त्याचे कारण कधी समजले नाही.

दुसरे दार काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या शाळांचे, म्हणजे बेझंटबाईंच्या संस्थेच्याच वारसदारांचे. सहावी, नववी व अकरावी हे तेथील प्रवेशाचे मुख्य टप्पे. तेथे दीर्घकाळ प्रवेशपरीक्षा होती; महामारीच्या काळापासून काही वर्षे खालच्या वर्गांसाठी संगणकीय सोडत काढली जाऊ लागली, आणि त्यावरून बराच वादही झाला. त्या वर्षी परीक्षा आहे की सोडत, हे पाहिल्याशिवाय शिकवणीचे पैसे भरू नका. सोडतीची तयारी करता येत नाही. शाळेत नाव लागले म्हणजे वसतिगृहात खाट मिळालीच, असेही गृहीत धरू नका. तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारा.

तिसरे दार वरुणा आणि गंगा यांच्या संगमाजवळ, राजघाटावर आहे. १८८७ साली बांधलेल्या लोखंडी पुलावरून, ज्याला आज मालवीय पूल म्हणतात, आगगाडी काशीत शिरते तेव्हा नदीकाठच्या ज्या दाट झाडीकडे प्रवाशाचे लक्ष जाते, त्या बाजूला राजघाट बेझंट स्कूल आहे. १९३४ मध्ये सुरू झालेली ही निवासी शाळा जे. कृष्णमूर्तींच्या विचारांवर चालते. त्यांचे म्हणणे असे होते की एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करणे हीच एक हिंसा आहे. भीती, बक्षीस आणि शिक्षा यांच्या बळावर जे शिकवले जाते ते शिक्षणच नव्हे. आता मौज पहा. जेथे स्पर्धेला स्थान नाही, अशा शाळेत शिरण्यासाठी स्पर्धा करावी लागते! जागा मोजक्या आहेत, त्याला इलाज नाही. तरीही या विसंगतीकडे पालकांनी हसून दुर्लक्ष करू नये. मुलाच्या लेखी चाचणीबरोबरच तेथे मुलाशी आणि आईबापांशी बोलणे होते, आणि त्या बोलण्यात ‘आमचा मुलगा नेहमी पहिला येतो’ हे वाक्य, जे अन्य ठिकाणी हुकमाचे पान ठरते, कदाचित काहीच कामाचे नसते. आपण घरी मुलाला कसे वागवतो, तो चुकला तर काय करतो, त्याला कशाची भीती वाटते, यांची सरळ उत्तरे तेथे लागतात. ती आदल्या रात्री तयार होत नाहीत. कृष्णमूर्तींचे एखादे पुस्तक चाळून त्यातली चार वाक्ये मुलाखतीत पेरणारे पालकही मी पाहिले आहेत. ती वाक्ये शिक्षकांनी आपल्यापेक्षा अधिक वेळा वाचलेली असतात, एवढे तरी ध्यानात ठेवावे.

पढवलेल्या उत्तरांची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगतो. एका दुसऱ्याच निवासी शाळेत, जिचे नाव येथे नको, मुलाखती घेणाऱ्यांत मी एकदा बसलो होतो. नागपूरकडचा एक मुलगा आला. ‘तुला येथे का यायचे आहे?’ असे विचारताच त्याने छाती पुढे काढून सांगितले, ‘सर्वांगीण विकासासाठी.’ माझ्या शेजारच्या बाईंनी प्रेमाने विचारले, ‘सर्वांगीण म्हणजे रे काय?’ मुलगा थांबला. त्याने दाराकडे पाहिले. दाराबाहेर वडील उभे होते. मग तो रडू लागला. बाईंनी त्याला पाणी दिले आणि घरी कोणकोण असते ते विचारले. तेव्हा त्याने आपल्या शेळीबद्दल असे काही सांगितले, तिला पावसात कोठे बांधायचे, तिचे करडू कोणत्या दिवशी दूध पिईना, की आम्ही तिघेही ऐकत राहिलो. त्याला प्रवेश मिळाला तो त्या शेळीमुळे. ‘सर्वांगीण विकासा’ने तो जवळजवळ घालवलाच होता.

चौथे दार फार थोड्यांसाठी आहे, पण मराठी माणसाने ते विसरू नये. रामघाटावरील वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयासारख्या पाठशाळांतून आजही महाराष्ट्रातील मुले येऊन वेदाध्ययन करतात. अयोध्येतील २०२४ च्या प्राणप्रतिष्ठेचे प्रमुख आचार्य लक्ष्मीकांत दीक्षित याच विद्यालयाशी संबंधित होते, आणि त्यांचे घराणे मूळचे सोलापूर जिल्ह्यातले. पाठशाळेच्या दाराशी कागदी परीक्षेला फारसे महत्त्व नसते. उपनयन झालेले असावे लागते. गुरुजी एक चरण म्हणतात, मुलाने तो तसाच म्हणायचा. स्वर वर गेला की खाली आला हे कानाने टिपायचे. संथा घेण्याची ही रीत हजारो वर्षे चालत आली आहे, आणि २००८ मध्ये वेदपठणाच्या परंपरेची नोंद युनेस्कोने मानवजातीच्या वारशात केली. येथे मुलाची बुद्धी किती धावते यापेक्षा ती किती वेळ एका जागी बसते हे पाहिले जाते. पदपाठ, क्रम, जटा आणि घन या वाटेने जाणाऱ्याची दहा-बारा वर्षे सहज जातात. ज्या मुलाला गाण्याची चाल एकदा ऐकून उचलता येते, त्यालाच या दाराशी न्यावे. आणि पुढे अन्य व्यवसायाची वाट किती अरुंद होते, हेही त्याच्या आईबापांनी आधी पाठशाळेतच विचारून घ्यावे.

दार कोणतेही असो, आत गेल्यानंतरचे जग सारखेच आहे, आणि निवड करणारे त्याचाही अंदाज घेत असतात. मूल घरापासून दूर राहू शकेल काय? ते स्वतःचे कपडे धुते काय, रात्री उठून एकटे जाऊ शकते काय, पोटात दुखत असेल तर अनोळखी माणसाला सांगू शकते काय? प्रवेशाच्या आधी वर्षभर त्याला दोन-तीनदा मावशीकडे किंवा काकांकडे आठवडाभर ठेवावे, आणि रोज दूरध्वनी करू नये. काशीत येणाऱ्या मराठी मुलाला आणखी दोन गोष्टींची ओळख करून द्यावी. एक मोहरीच्या तेलाची. पहिल्या पंधरा दिवसांत घरची आठवण डोळ्यांपेक्षा जिभेला अधिक येते. दुसरी हिंदीची. लिपी एकच असल्यामुळे आपल्याला वाटते की मुलाला हिंदी येतेच. वस्तुतः तो शब्द ओळखतो आणि अर्थ आपला लावतो. ‘यहाँ अच्छी शिक्षा मिलती है’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर वाचून एक मराठी मुलगा पहिल्या दिवशी खोलीबाहेर यायलाच तयार नव्हता, अशी हकिकत येथे सांगतात. ‘चेष्टा करो’ म्हटल्यावर दुसरा हसत सुटला होता. या गोष्टी ऐकून आपण हसतो. पण हिंदीच्या चाचणीत याच जागी गुण जातात.

आणि मुलाला विचारावे. हे मी शेवटी सांगतो आहे, पण करायचे ते सर्वांत आधी. मी स्वतः ते केले नव्हते. माझ्या भाच्याला अशाच एका शाळेसाठी मी तयार करीत होतो. तीन महिने तो माझ्याकडे होता. रोज सकाळी एक प्रश्नपत्रिका, संध्याकाळी तिची तपासणी. त्याची गोष्टींची पुस्तके मी कपाटात ठेवली, आणि तोही बिचारा काही न बोलता आकृत्या फिरवीत बसे. निकाल लागला, त्याचे नाव नव्हते. त्याने यादी दोनदा पाहिली. नंतर मला विचारले, ‘मामा, मी आता सुट्टीत तुमच्याकडे यायचे की नाही?’ मी त्याला काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. पुस्तके मात्र त्याच संध्याकाळी कपाटातून काढली. पुढे तो गावच्याच हायस्कुलातून शिकला आणि आता चांगला पशुवैद्य आहे; दर उन्हाळ्यात येतोही. परंतु त्या प्रश्नानंतर मी कोणत्याही मुलाची तयारी सुरू करण्यापूर्वी त्याला एकट्याला बसवून सांगतो की नाव लागले नाही तर काय होईल. शाळा कोणती, सायकल मिळेल काय, सुट्टी कोठे, सर्व काही ठरवून सांगतो. ज्या मुलाला हे ठाऊक असते ते परीक्षेत कमी घाबरते, असा माझा अनुभव आहे.

आता काही फुटकळ सूचना. जन्मदाखला, रहिवासाचा दाखला आणि शाळेचा दाखला यांतील नावे अक्षरशः जुळतात की नाही ते वर्षभर आधी पाहावे. आपल्याकडे एका कागदावर बापाचे नाव ‘राव’ लावून येते आणि दुसऱ्यावर त्यावाचून. काशीला यायचे असेल आणि दिवस पौष-माघाचे असतील, तर गाडीच्या वेळेवर विसंबू नये. गंगेच्या खोऱ्यातले धुके असे पडते की मुंबईहून येणारी महानगरी एक्सप्रेस दहा-दहा तास मागे पडते. दोन दिवस आधी या, मुलासाठी लोकरीची टोपी आणा, आणि आल्या दिवशी त्याला झोपू द्या. विश्वनाथाचे दर्शन, सारनाथ, संध्याकाळची आरती, पंचगंगेपर्यंत नावेतून फेरी, हे सर्व परीक्षेच्या आदल्या दिवशी उरकून दुसऱ्या दिवशी पेंगणाऱ्या मुलाला शाळेच्या फाटकाशी आणून उभे करणारे पालक मी दरवर्षी पाहतो. काशीयात्रा परीक्षेनंतर करावी.